कुणाकडे पाय करायचे

माझी आई इस्त्री करायची. तंजावूरच्या मेल वीदीत, म्हणजे पश्चिमेच्या मोठ्या रस्त्यावर, एका कडुनिंबाखाली आमची चार चाकांची गाडी उभी असे. गाडी म्हणायची, पण ती कधी कुठे गेली नाही. तिच्यावर गोणपाट, त्यावर चादर, आणि नारळाच्या करवंट्यांच्या निखाऱ्यांनी भरलेली पितळेची इस्त्री. अप्पा, म्हणजे माझे वडील, तिरुप्पूरला बनियनच्या कारखान्यात गेले होते. ते पोंगलला येत, तेही दर वर्षी नाही. आई सकाळी जी गाडीमागे उभी राही ती दिवे लागेपर्यंत. जेवायचीही उभ्यानेच, कारण इस्त्री निवली की पुन्हा करवंट्या पेटवाव्या लागत.

तिच्या डाव्या पायाचा घोटा काळा होता. आम्हा भावंडांना वाटे, कोळशाने झालाय. संध्याकाळी ती त्यावर जुन्या धोतराची चिंधी बांधायची आणि चिंधी ओली व्हायची. ते ओलं कसलं, हे आम्ही विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

मला ती एवढंच म्हणायची, "तू शीक. खुर्चीवर बसायची नोकरी धर."

मी शिकले. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. गणितात बी.एस्सी. केलं, मग बी.एड. केलं. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. खासगी शाळेत नोकरी लागली. पहिल्या दिवशी नववीच्या वर्गात शिरले तर टेबल होतं, फळा होता, कोपऱ्यात कॅमेरा होता, खुर्ची नव्हती. तमिळ शिकवणाऱ्या सेल्वीला विचारलं, "खुर्ची दुरुस्तीला गेलीय का?"

"कायमची गेली," ती म्हणाली. "करस्पाँडंट म्हणतात, बसलेली टीचर झोपते."

शाळेच्या मालकाला आमच्याकडे करस्पाँडंट म्हणतात. त्यांच्या खोलीत गादीची, फिरणारी खुर्ची होती.

*

आमचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात इथे आले, म्हणून घरी आम्ही बोलतो ती जुनी, तमिळ मिसळलेली मराठी. देवनागरी मी हिंदीच्या परीक्षांसाठी शिकले, म्हणून हे लिहू शकते. सगळ्यांचं बोलणं तुम्हाला समजेल अशा मराठीत उतरवलं आहे. शाळेतलं आणि हॉस्पिटलातलं मुळात तमिळ होतं.

लिहिण्याचं कारण साधं आहे. पायातलं रक्त नीट फिरावं म्हणून काय प्यावं, हे सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. मलाही भेटले. बाकीचं कुणी सांगितलं नाही, ते मी सांगते.

*

आधी संध्याकाळी पाय जड व्हायचे. चपलेचा पट्टा मांसात रुतायचा आणि काढल्यावर त्याची खाच तशीच राहायची. मग पोटरीवर निळ्या नसा वर आल्या, गांडुळांसारख्या. मग घोट्याच्या आतल्या बाजूला खाज. फळ्यावर लिहिताना मी उजव्या पायाच्या टाचेने डावा घोटा घासायचे. मुलांनी त्याची नक्कल करायला सुरुवात केली होती, ते मला नंतर कळलं.

पाणी आम्ही पीत नसू. बायकांचा संडास खाली ऑफिसशेजारी आणि वर्ग वर दुसऱ्या मजल्यावर. तासाच्या मध्ये खाली गेलं की कॅमेऱ्यात रिकामा वर्ग दिसायचा आणि ऑफिसातून विचारणा व्हायची. म्हणून आम्ही सगळ्या पाण्याची बाटली भरून न्यायचो आणि तशीच भरलेली घरी आणायचो. आम्ही शिकलेल्या बायका, शरीराला किती पाणी लागतं ते मुलांना शिकवत होतो.

मग एके दिवशी टाउन बसच्या पायरीची कड घोट्याला लागली. नखाएवढं खरचटलं. ते बरंच होईना. हळद लावली, खोबरेल लावलं, औषधाच्या दुकानातलं मलम लावलं. नखाएवढं होतं ते रुपयाएवढं झालं आणि त्यातून पाणी झिरपायला लागलं. मी साडी एक बोट खाली नेसायला लागले.

*

माझ्या सासूबाईंना मी अत्ते म्हणते. त्यांना कळलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. उलट मनापासून कामाला लागल्या, हे मी आधीच लिहून ठेवते, कारण पुढे त्यांच्याबद्दल कडू लिहिणार आहे.

सकाळी उठले की टंबलर समोर. केळीच्या खांबाच्या गाभ्याचा रस. त्या तो विळीवर चिरून, धागे बोटाला गुंडाळून काढून, कुटून, फडक्यातून गाळून द्यायच्या. हात काळे पडायचे त्यांचे. दुपारच्या डब्याबरोबर बिटाचा रस, संध्याकाळी कुळथाचं कढण, मग सुंठ-धण्याची कॉफी. शेजारच्या मीनाक्षीअम्मांनी लसूण घातलेलं दूध सुचवलं. पापनाशमच्या चुलतसासऱ्यांनी फोनवर कसल्याशा पाल्याचा काढा सांगितला आणि पुढच्याच बसने पाला पाठवूनही दिला. माझा नवरा गणेश बस डेपोत मेकॅनिक आहे. त्याने डेपोतल्या कुणाकडून तरी ऐकून डाळिंबं आणली.

"सगळं पाइपलाइनचं काम आहे," तो म्हणाला. "आत साफ झालं की वाहतं."

मी सगळं प्यायले. मला बरं वाटायचं ते रसाने की कुणी देतंय म्हणून, सांगता येणार नाही. जखम मात्र वाढत होती. मधुमेहाची तपासणी केली, नव्हता. नसल्यावर सगळ्यांची थोडी निराशा झाली, कारण मग नाव काय द्यायचं?

*

सरकारी मोठ्या हॉस्पिटलात जायला मला लाज वाटत होती. शिकून नोकरी लागल्यावर माणूस सरकारी हॉस्पिटलात जात नाही, अशी माझी समजूत. खासगी दवाखान्यातल्यांनीच सांगितलं, नसांची डॉक्टर तिथे आहे, तिकडे जा.

डॉक्टर माझ्याहून लहान असावी. तिने मला एका स्टुलावर उभं केलं, पायाला गार जेली लावली आणि यंत्राचा दांडा फिरवला. मग पोटरी दाबून सोडली. यंत्रातून वाऱ्यासारखा आवाज आला, आणि थांबायला हवा होता तिथे थांबला नाही.

"ऐकलंत?" ती म्हणाली. "वर जायला हवं ते रक्त खाली परत येतंय. नसांच्या आतल्या झडपा गेल्यात. दिवसात किती वेळ उभ्या असता?"

"शाळा असते तोवर."

"आणि बसता कधी?"

"बसमध्ये. जागा मिळाली तर."

ती हसली नाही. आईला असं काही होतं का, म्हणून तिने विचारलं. मी होय म्हणाले, तेव्हा प्रथमच मला ती ओली चिंधी आठवली आणि ती काय होती ते कळलं.

मग मी विचारलं, काय पिऊ? अत्तेंची सगळी यादी सांगितली. डॉक्टर म्हणाली, "पाणी प्या, भरपूर प्या. ताक प्या, मीठ कमी घालून. रस आवडत असतील तर प्या. पण कुठलाही रस ही झडप लावून देणार नाही. ही जखम भरेल दोन गोष्टींनी. पायाला घट्ट पट्टी आणि पाय वर. छातीच्या वर. आडवं पडून, दिवसातून अनेकदा. एका जागी उभं राहायचं नाही. चाला, घोटे हलवा, बसा. नाहीतर जखम खोल जाईल, मग दुसरीकडची कातडी काढून लावावी लागेल, आणि उभं राहायची नोकरी तशीही सुटेल."

पट्टीबद्दल एक सांगते. आधी पायात रक्त नीट उतरतंय ना, हे त्यांनी तपासलं आणि मगच घट्ट पट्टी बांधली. सगळ्यांच्या पायाला ती चालत नाही. माझं वाचून घरी बांधू नका.

*

पाय वर. किती सोपं औषध. विकत आणायचं नाही, कडू नाही.

घरी आले आणि हॉलमध्ये चटई टाकली. आमच्या घरी हॉल एकच आहे, झोपायची खोली म्हणजे पलंगापुरती फळीआडची जागा, तिथे दुपारी भट्टी होते. चटईवर पडून मी खुर्चीवर उशा रचल्या आणि पाय ठेवले. अत्ते स्वयंपाकघरातून टंबलर घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

"तिकडे देव आहेत."

पूर्वेच्या भिंतीला देवांचं फडताळ. मी फिरले.

"तिकडे मामाजी आहेत."

पश्चिमेला सासऱ्यांचा फोटो, चंदनाचा हार घातलेला. मी पुन्हा फिरले.

"दक्षिणेला पाय? म्हणजे डोकं उत्तरेला. प्रेताला ठेवतात तसं."

उरली उत्तर. तिथे रस्त्याचं दार. येणाऱ्याच्या तोंडावर सुनेचे तळवे, आणि ज्या दारातून लक्ष्मी येते त्या दाराकडे. अत्तेंना तेही चालेना. मग टंबलर माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "हे घे, गरम आहे तोवर पी."

मी गणित शिकवते. चार भिंती होत्या, चारही मोजून झाल्या.

गणेशला म्हटलं, तर तो म्हणाला, "अम्मा जुन्या वळणाची. थोडं सांभाळून घे."

"पाय माझा कुजतोय. सांभाळून कुणी घ्यायचं?"

"मी काय म्हणतो, मागच्या बाजूला कर ना. तिथे कुणी नाही."

मागच्या बाजूला म्हणजे परसात, कपडे धुण्याच्या दगडाशी. मी तिथे गेले. चटईवर आडवी पडून पाय दगडावर. डोक्याशी खरकट्याची बादली, वर वाळत घातलेली लुंगी. मीनाक्षीअम्मा कुंपणापलीकडून म्हणाल्या, "काय सुमित्रा, तुला पण धुवायला टाकलं वाटतं?" मी हसले. हसावं लागलं.

आई भेटायला आली ती त्याच दिवसांत. आता ती भावाकडे ओरत्तनाडुला असते. तिने माझी पट्टी पाहिली, मग आपली साडी वर केली. तीच जागा, तोच काळा रंग, मध्ये पांढरट वण. "आपल्या घरचं आहे हे," ती म्हणाली. अंगावरचा एखादा दागिना दाखवावा तसं. मला तिचा राग आला. मग तिला कॉफी करून दिली.

*

पट्टी बदलायला हॉस्पिटलात जावं लागे. लांब बाकावर आम्ही सगळे डावा किंवा उजवा पाय पुढे करून बसायचो. साडीच्या दुकानातली एक मुलगी, एक ट्रॅफिक पोलीस, केळी विकणाऱ्या एक आजी, आणि हॉटेलात परोटे थापणारे एक मास्टर. सगळे उभं राहून पोट भरणारे. त्या बाकावर दुसऱ्या धंद्याचं माणूस मला कधी दिसलं नाही.

परोटा मास्टरने मला विचारलं, "टीचर, तुम्ही इकडे कशा? आम्ही समजत होतो टीचर लोक बसलेले असतात."

"मीही तेच समजत होते."

"माझा मुलगा अभ्यास करत नाही. आता त्याला काय सांगू?"

आजी म्हणाल्या, "सांग, टीचर हो. पाय तसाच कुजेल, पण इंग्रजीत."

सगळा बाक हसला. पट्टी सोडली की वास यायचा. त्या बाकावर कुणी नाक वळवत नसे. टाउन बसमध्ये वळवायचे. माझ्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली होती, त्यामुळे बसायला मात्र मिळायचं.

सिस्टर पट्टी बांधताना गाणं गुणगुणायची, आणि जखमेची कड दुखेल तिथे आधी सांगायची, आता दुखेल. एवढं सांगणारं माणूस त्या दिवसांत ती एकटीच. बाकी सगळे सांगत होते, काही होत नाही.

पण जखम आक्रसत नव्हती. परसात ऊन आलं की मला उठावं लागे, कुणी कपडे धुवायला आलं की उठावं लागे, आणि शाळेत दिवसभर उभी ती होतेच. डॉक्टरने पट्टी सोडून पाहिलं आणि म्हणाली, "खोल गेलीय. पाय वर ठेवता ना?"

"जमेल तेवढे."

"तुमच्याकडून एवढंच मागितलं होतं," ती म्हणाली आणि पुढच्या वेळेला कातडी लावायचं ठरवू, असं सांगितलं.

*

त्या दुपारी मी घरी आले, हॉलमध्ये चटई टाकली, खुर्ची ओढली आणि पश्चिमेकडे पाय केले. सरळ मामाजींकडे. चारांतली एक निवडायची होती. देवांकडे करायला मला भीती वाटली, खरं सांगते.

अत्ते आल्या. टंबलर होता हातात.

"त्यांनी तुझ्या तळव्यांकडे बघत बसायचं का आता?"

"त्यांनी मला सून करून आणलं तेव्हा पायांसकट आणलं, अत्ते."

"जीभ बघ. शिकल्याची जीभ."

"हो. शिकल्याचीच आहे."

त्यांनी टंबलर खाली ठेवला, माझ्या हाताला लागणार नाही इतक्या लांब. त्या दिवसापासून रस बंद झाला आणि बोलणंही. गणेश दोघींच्या मध्ये बसून जेवायचा आणि मिठाबद्दल बोलायचा. मी रोज चटई टाकत होते. पाणी मी माझं माझं पीत होते, साधं, माठातलं.

मग एका संध्याकाळी शाळेतून आले तर पश्चिमेची भिंत रिकामी. खिळा आणि फोटोच्या आकाराचा पांढरा चौकोन. फोटो उत्तरेला, दारावर लावलेला. माझ्यासाठी केलं असं अत्ते म्हणाल्या नाहीत. गणेशला मोठ्याने म्हणाल्या, "त्यांना नाही बघवत, म्हणून हलवला. हिला सांग, माफी वगैरे मिळाली असं समजू नकोस."

मी पाय भिंतीकडे केले. ती जागा अजून माझी आहे.

*

शाळेत करस्पाँडंटसमोर उभी राहिले तेव्हा ते मला बसा म्हणाले नाहीत. समोर दोन खुर्च्या होत्या. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "एकीला दिली की सगळ्या मागणार."

"मागतील, सर."

"बरी होईपर्यंत रजा घ्या ना. उभं राहता येईल तेव्हा या."

बिनपगारी, हे त्यांना सांगायची गरज वाटली नाही. मी म्हटलं, पालकांच्या सभेत कुणी विचारलं मिसच्या पायाला काय झालं, तर मी काय सांगू? त्यांनी पेनचं टोपण लावलं. मग म्हणाले, "एक प्लास्टिकची खुर्ची. नववी ब मध्ये. फक्त जखम असेपर्यंत. आणि पाय वर नाही करायचे, कॅमेऱ्यात वाईट दिसतं."

माझे बहुतेक तास नववी ब लाच होते. मी बसून शिकवायला लागले. लिहायला उठायचे, चालायचे, पुन्हा बसायचे. बसल्या बसल्या घोटे वर-खाली करायचे. बाटली भरलेली नेऊन रिकामी आणायला लागले आणि संडासला जाताना कॅमेऱ्याकडे बघून जायचे. मी झोपले नाही. कुणी तपासलं असेलच.

जखमेने कडेने गुलाबी रंग धरला. डॉक्टरने कातडीचं पुढे ढकललं, मग सोडून दिलं. पुढे बिघडलेली नस आतून बंद करायचं छोटं काम त्यांनी केलं, त्याच दिवशी घरी आले. पट्टीच्या जागी घट्ट मोजा आला, तंजावूरच्या उन्हात लोकरीसारखा वाटणारा. तो आता कायमचा. एके दिवशी सिस्टरने बोटाने दाबून पाहिलं आणि म्हणाली, "मिस, बंद."

मी ती बातमी शाळेत सांगितली. आनंदात होते, सांगून बसले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावणं. "जखम बरी झाली म्हणे," करस्पाँडंट म्हणाले. "मग आता खुर्ची कशाला?"

"खुर्ची होती म्हणून बरी झाली, सर. काढलीत तर पुन्हा उघडेल."

"ते तेव्हा बघू."

मी वर आले आणि तास सुरू केला. थोड्या वेळाने अटेंडर, म्हणजे शाळेचा शिपाई, पळनी दारात आला. "मिस, खुर्ची न्यायला सांगितलंय."

"ने की. मी उठले की ने."

"कधी उठणार?"

"तास संपू दे."

तो व्हरांड्यात थांबला. मुलं माझ्याकडे आणि त्याच्याकडे बघत होती. मी समीकरण पुरं केलं. घंटा झाली. पुढचा तास सेल्वीचा. ती आत आली, पळनीला पाहिलं, मला पाहिलं, आणि मी उठते न उठते तोच बसली. पुस्तक उघडलं.

"अक्का, तुम्ही पण?" पळनी म्हणाला.

"माझा तास आहे. संपू दे."

तिच्यानंतर विज्ञानाची टीचर आली. तीही बसली. पळनी खाली गेला तो म्हणत, "तुम्ही तिघी बसलात, मग उभा मीच राहायचा."

खुर्ची न्यायला मग पुन्हा कुणी आलं नाही, पण त्या वर्षी दहावीचे होते ते थोडे तास माझ्याकडून काढून घेतले गेले. सेल्वीला वार्षिक समारंभाच्या कामातून वगळलं. इतर वर्गांत अजून खुर्ची नाही, आणि अत्ते माझ्याशी अजून गणेशमार्फतच बोलतात.

माझी जखम बंद आहे. नववी ब मध्ये खुर्ची आहे, आणि ज्या बाईचा तास असतो ती तिच्यावर बसते.